यंत्राला उदगीरचा कागद वाचता येईल?

उदगीरच्या एखाद्या शेताचा जुना कागद हवा असेल, तर तो कोणत्या जिल्ह्यात शोधायचा इथूनच अडचण सुरू होते. आज उदगीर लातूर जिल्ह्यात आहे. पण हा जिल्हा झाला 1982 साली. त्याआधी उदगीर उस्मानाबादेत होते आणि 1956पूर्वी बिदरमध्ये. नांदेडमधले किनवटही तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होते. कागद मिळाला तरी तो बहुधा उर्दूत, आणि त्यावरचा सन फसली. 1357 फसली म्हणजे 1947-48, निजामी राजवटीचे अखेरचे वर्ष.

हे उर्दू इथे कसे आले? हैदराबाद संस्थानात 1884च्या सुमारास फारसीच्या जागी उर्दू सरकारी भाषा झाली. 1918 साली उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले. त्याच्या भाषांतर विभागाने विज्ञानापासून कायद्यापर्यंतची पुस्तके उर्दूत आणली, परिभाषा घडवली. देशी भाषेत उच्च शिक्षण देण्याचा हा मोठा प्रयोग होता. मात्र त्यात मराठी, तेलुगू, कानडी या बहुसंख्य प्रजेच्या भाषांना जागा नव्हती. कोणती भाषा सक्षम करायची, हे विद्यापीठाने ठरवले की कोण बाहेर राहणार हेही ठरते.

आज तेच काम संगणकाच्या प्रयोगशाळांत चालते. मोडी लिपी 2014 साली युनिकोडमध्ये आली. 2025 साली रूरकीच्या आयआयटीतील संशोधकांनी मोडीचे देवनागरी लिप्यंतर करणारी प्रणाली मांडली. तिच्यासाठी 2,043 कागदांच्या प्रतिमा आणि तज्ज्ञांनी केलेले त्यांचे लिप्यंतर जमवले. काम मोलाचे आहे. पण त्या कागदांचे वर्ग पाहा: शिवकालीन, पेशवेकालीन, आंग्लकालीन. मराठवाड्यात इंग्रजांचा थेट अंमल नव्हता. इथल्या माणसाचा काळ निजामकाल, आणि तो त्या यादीत नाही.

यंत्र शिकते ते दाखवलेल्या कागदांवरूनच. त्याला वळणदार शिकस्ता उर्दू, फसली सन, महसुली संक्षेप दाखवले नाहीत, तर ते त्याला कधीच वाचता येणार नाहीत. हा प्रश्न केवळ अभ्यासकांचा नाही. सप्टेंबर 2023मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात निजामकालीन कागदांतल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. आरक्षणाच्या वादात आपण कोणत्याही बाजूला असू. पणजोबाच्या नावापुढे काय लिहिले आहे हे वाचायला उर्दू आणि मोडी जाणणारी मोजकी माणसे शोधावी लागली, हे सर्वांनीच पाहिले.

नांदेडचे विद्यापीठ 17 सप्टेंबर 1994 रोजी, मुक्तिदिनी, स्थापन झाले. निजामाविरुद्धच्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव त्याला आहे. लातुरात त्याचे उपकेंद्र आहे. कागद याच परिसरातले, आणि ते वाचू शकणारी वयस्कर माणसेही इथलीच. संगणकाचे विद्यार्थी त्यांच्याशेजारी बसले, एकेका पानाचे वाचन नोंदवत गेले, तर निजामकालाचा वर्ग तयार होईल. कागद कदाचित आणखी पन्नास वर्षे टिकतील; वाचणाऱ्यांकडे तेवढा वेळ नाही.