मिग-२१ चं स्केल मॉडेल कसं बनवायचं आणि रंगवायचं?

भारतीय हवाई दलात १९६३ साली दाखल झालेल्या मिग-२१ ला २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडमध्ये निरोप देण्यात आला. यातली शेकडो विमानं आपल्या नाशिकजवळ, ओझरच्या एचएएल कारखान्यात तयार झाली होती. आता ते आकाशात दिसणार नाही, पण तुमच्या टेबलावर नक्की उभं राहू शकतं. फक्त एक लक्षात ठेवा: या छंदात हात किती सफाईदार आहे यापेक्षा कामाचा क्रम जास्त महत्त्वाचा. क्रम चुकला की बरीच मेहनत वाया जाते.

स्केल म्हणजे काय?

१/७२ स्केल म्हणजे मॉडेल खऱ्या विमानाच्या ७२ पट लहान. मिग-२१ च्या पंखांचा विस्तार साधारण ७.१५ मीटर आहे, म्हणजे मॉडेलमध्ये जवळपास १० सेंटीमीटर. १/४८ मध्ये तोच १५ सेंटीमीटरच्या आसपास येतो. पहिलंच मॉडेल असेल तर १/७२ घ्या, खर्चही कमी आणि रंगही कमी लागतो.

आधी फोटो शोधा

सुरुवातीची मिग-२१ चंदेरी होती, नंतर हिरव्या-तपकिरी रंगातली आली आणि शेवटची बायसन राखाडी. त्यामुळे कोणतं तरी एकच विमान ठरवा आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा.

जोडणी

१. भाग हाताने तोडू नका. कटरने थोडं अंतर ठेवून कापा आणि उरलेला तुकडा पॉलिश पेपरने घासा.

२. कॉकपिट आधी रंगवा. विमानाचे दोन अर्धे भाग चिकटले की आत ब्रश जात नाही.

३. नाकात वजन भरा. हे विसरलात तर मॉडेल शेपटीवर बसेल आणि नंतर ते दुरुस्त करणं फार अवघड. सायकलचे छर्रे चालतात, पण ते मागच्या चाकांच्या पुढेच बसवा. चिकटवण्याआधी टेपने सगळं तात्पुरतं जोडून तोल बघा.

४. प्लास्टिक सिमेंट वापरा. ते प्लास्टिक थोडं विरघळवतं, त्यामुळे दोन्ही भाग एकजीव होतात. कॉकपिटच्या काचेला मात्र हे नको आणि सुपर ग्लूही नको, त्याच्या वाफेने काच धुरकट होते. तिथे फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद बेस्ट.

रंगकाम

मॉडेल साबणाच्या पाण्याने धुवून वाळवा, काच मास्किंग टेपने झाका, मग प्रायमर मारा. प्रायमरमुळे सांध्यातल्या फटी लगेच दिसतात. फट दिसली तर पुट्टी भरून घासा.

एअरब्रश नसेल तरी अडत नाही. अ‍ॅक्रिलिक रंग दुधाइतका पातळ करा आणि ब्रशने दोन-तीन पातळ थर द्या. एकच जाड थर दिला तर ब्रशच्या रेघा दिसतात आणि बारीक नक्षी बुजते. प्रत्येक थर पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात दमट हवेमुळे वेळ जास्त लागतो, घाई नको.

तिरंगी गोल कसे लावायचे?

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. मॅट रंगाचा पृष्ठभाग खरखरीत असतो. त्यावर थेट डिकल लावला तर खाली हवा अडकते आणि कडेला चंदेरी चमक दिसते. म्हणून आधी ग्लॉस वार्निश मारा. मग डिकल कोमट पाण्यात भिजवा, कागदावरून सरकवून जागेवर बसवा आणि कापसाने पाणी टिपा. सुकल्यावर पॅनलच्या रेषांमध्ये पातळ गडद रंग सोडा आणि शेवटी मॅट वार्निश. टेप अगदी शेवटी काढा.

काळजी काय घ्यावी?

स्प्रे करताना खिडकी उघडी ठेवा आणि रंगाची वाफ अडवणारा मास्क लावा. साधा कापडी मास्क पुरत नाही. पॉलिश पेपर ओला करून घासा, म्हणजे धूळ उडत नाही.

थोडक्यात क्रम: कॉकपिट, वजन, जोडणी, प्रायमर, रंग, ग्लॉस, डिकल, मॅट. हा क्रम पाळलात तर पहिलंच मॉडेल शोकेसमध्ये ठेवण्यासारखं होईल!