‘मी आली’ की ‘मी आले’?

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहाच, असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला. सातवीपर्यंत शिकलेल्या माझ्यासारख्या गृहिणीने इतिहासावर लिहावे, हे धाडसच म्हणायचे. पण गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जे घडले ते मनातून जात नाही. म्हणून वाचनालयातली पुस्तके चाळून आणि शिक्षक असलेल्या माझ्या भाऊजींना विचारून हे चार शब्द लिहीत आहे.

त्या दिवशी आमच्या गल्लीतील एक काकू प्रथमच मंडळात आल्या होत्या. जात्यावरच्या ओव्या त्यांना पुष्कळ पाठ. सर्वांनी आग्रह केला तेव्हा त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “मी आली तं आहो, पन मले सांगता येते का नाही...” मी जवळच बसले होते. हसत हसत म्हणाले, “काकू, ‘मी आली’ नाही, ‘मी आले’ म्हणावं.” चारदोघी हसल्या. काकू खाली बसल्या. “माह्यं बोलनं अशुद्ध आहे बाई, तुमीच सांगा,” एवढेच त्या बोलल्या. ओवी राहिली ती राहिलीच.

घरी आल्यावर मला माझीच लाज वाटली. माझी आई आणि माझ्या सासूबाई जन्मभर ‘मी आली’ असेच म्हणत. लहानपणी मीही तसेच म्हणे. मग काकूंचे चुकले काय? ‘ती आली’ तशीच ‘मी आली’, हा आपल्याकडचा नियम आहे. पुण्याकडे बाई ‘मी आले’ म्हणते, तो तिकडचा नियम. आपल्याकडे ‘ये’ म्हणजे आत्ता ये, आणि ‘येजो’ म्हणजे पुढे सवडीने ये. एवढा बारीक फरक एका अक्षरात सांगणारी बोली अडाण्यांची कशी म्हणावी?

तिच्यावर हा शिक्का कसा बसला, हे पाहायला थोडे मागे जावे लागते. १८१८ साली पेशवाई गेली आणि पुणे-मुंबईकडे इंग्रजी अंमल आला. त्यांना शाळा व कचेऱ्या चालवायला एका ठरीव मराठीची गरज होती. मोल्सवर्थ साहेबांचा मराठी कोश १८३१ साली निघाला, दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली. क्रमिक पुस्तके त्याच वळणाने तयार झाली. त्या वेळी आपण त्या राज्यात नव्हतोच. वर्धा नदीच्या अलीकडे नागपूरकर भोसले आणि पलीकडे वऱ्हाडात निजाम. वऱ्हाड १८५३ साली इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि नागपूरचे राज्य १८५४ साली खालसा झाले. आपला वर्धा जिल्हा १८६२ साली नागपुरातून वेगळा निघाला. म्हणजे ‘शुद्ध मराठी’चा साचा ओतला गेला तेव्हा आपल्या बायाबापड्यांचे बोलणे कोणी विचारात घेतले नव्हते. साचा तयार झाल्यावर मात्र आपले बोलणे त्यात घालून पाहिले, आणि बसले नाही म्हणून ते अशुद्ध ठरले.

दुसरा आक्षेप असा की आपल्या बोलण्यात हिंदी फार. ‘काय करून राहिली?’ असे आपण विचारतो, त्यात हिंदीची छाया आहे हे खरे. पण नागपूरच्या भोसल्यांच्या राज्यात छत्तीसगडही होते. पुढे मध्यप्रांत आला, त्यातही हिंदी आणि मराठी मुलूख एकत्र. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत वर्धा मध्यप्रदेशातच होते. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. शेजारणीच्या घरून विरजण आणावे तसे शेजारच्या भाषेतून शब्द येतात. त्याने दही नासत नाही.

माझी मुलगी शिकायला पुण्याला गेली तेव्हा भाजीवालीकडे तिने सांबार मागितला. “इथे इडली मिळत नाही,” असे उत्तर आले. कोथिंबिरीला आपण सांबार म्हणतो हे तिला काय ठाऊक! तेवढे हसण्यावारी गेले. पण तिच्या खोलीतल्या मैत्रिणी तिला प्रत्येक गोष्ट दोनदा समजावून सांगत. बोलणे गावाकडचे, तेव्हा डोकेही गावाकडचेच असणार, असा त्यांचा समज. तिचे गुण किती, हे कोणी विचारले नाही. आता ती फोनवर माझ्याशी एका तऱ्हेने बोलते आणि जवळ कोणी असले की दुसऱ्या तऱ्हेने.

‘आलू’ म्हटले म्हणूनही तिला हसले. भाऊजी म्हणाले, बटाटा हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आला. आलू हा कंदासाठी जुना संस्कृत शब्द. पुणेकर रताळू म्हणतात, त्यात हाच आलू लपलेला आहे. शुद्धतेचे नियमही कायमचे नसतात. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम सरकारने मान्य केले, आणि जुन्या लेखनातले कितीतरी अनुस्वार एका फटक्यात गेले. काल न दिल्यास चूक होती, आज दिल्यास चूक!

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. मराठीचे जुनेपण सांगताना ज्या ग्रंथाचे नाव सगळे घेतात ते ‘लीळाचरित्र’ म्हाइंभटांनी तेराव्या शतकात लिहिले, ते आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरला. महानुभाव पंथाचे नागदेवाचार्य यांची गोष्ट प्रसिद्ध आहे. शिष्य संस्कृतात ग्रंथ लिहू लागला, तेव्हा त्यांनी त्याला अडवले. आपल्या म्हाताऱ्या बायांना ते कळणार नाही, त्या वंचित होतील, ही त्यांची काळजी. आपल्या वर्ध्यातही तसेच घडले. संस्कृत गीता समजत नाही, असे विनोबांच्या आई म्हणाल्या होत्या. त्या १९१८ साली गेल्या. पुढे १९३०-३१ साली विनोबांनी ‘गीताई’ रचली, ती वर्ध्यातच. बाईला कळेल अशी भाषा हवी, हे या थोरांनी ओळखले होते. आणि मी काकूंना खाली बसवले!

बोलीत मोठे काम होते याचे दाखले कमी नाहीत. गाडगेबाबांनी (१८७६-१९५६) आपल्या बोलीत कीर्तन करून लोकांना शहाणे केले. खानदेशच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने निघाली आणि साऱ्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. आपल्या हिंगणघाटला जन्मलेल्या उद्धव शेळक्यांची ‘धग’ कादंबरी १९६० सालची. त्यातली कौतिक वऱ्हाडीतच बोलते. तिचे हाल वाचताना तिची भाषा अशुद्ध आहे, असे कोणाच्या मनात येत नाही.

प्रमाण भाषा नको, असे माझे म्हणणे नाही. अर्ज लिहायला आणि परीक्षेला ती हवीच. हा लेखही मी तिच्यातच लिहीत आहे. मुलांना ती शिकवलीच पाहिजे. पण ती शिकवताना आजीच्या बोलण्याची लाज शिकवू नये. आणखी एक कबूल केले पाहिजे. पुण्याने आपल्याला हसावे याचा आपल्याला राग येतो, पण भंडारा-चंद्रपूरकडची झाडीबोली बोलणारी सून घरात आली की आपणही तोंडाला पदर लावतोच.

परवा मी काकूंकडे गेले. वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात ओव्या म्हणा, अशी विनंती केली, आणि त्या दिवसाबद्दल माफीही मागितली. त्या म्हणाल्या, “पाहू.” अजून त्यांनी होकार दिलेला नाही. भगिनींनो, तुम्हीही एकेकीने त्यांच्याकडे जाऊन या. त्या आल्या, उभ्या राहिल्या आणि ‘मी आली’ म्हणाल्या, तर त्यांना म्हणू या, “बरं झालं काकू, तुम्ही आल्या.”