भोवऱ्यांचा जमाखर्च

हिवाळ्यातल्या पहाटे गावाबाहेरून पाहिले, तर चुलींचा धूर थोडा वर चढतो आणि कुणी थोपवल्यासारखा आडवा पसरतो. ऊन चढले की तोच धूर विस्कटून जातो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. भौतिकशास्त्र शिकलो ते चाळिशीनंतर, रद्दीतल्या पुस्तकांवर. या धुराचा हिशेब कुणी मांडला, हे शोधताना लुईस फ्राय रिचर्डसन भेटला.

क्वेकर पंथाच्या घरात १८८१ साली जन्मलेल्या या इंग्रजाने पहिल्या महायुद्धात शस्त्र न धरता फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवली. तिथेच त्याने हवामानाचा अंदाज हाताने आकडेमोड करून काढला आणि तो साफ चुकला. ही कथा पुष्कळांनी सांगितली आहे. तिच्या सावलीत त्याचा १९२० सालचा, रॉयल सोसायटीत छापलेला निबंध मात्र दुर्लक्षित राहिला.

त्यात त्याने वातावरणातल्या भोवऱ्यांची जमाखर्चाची वही मांडली, असे मी माझ्या भाषेत म्हणेन. खालचा वारा मंद, वरचा वेगवान. थरांच्या या घसटीतून (शास्त्रीय भाषेत कर्तनातून) भोवऱ्यांना ऊर्जा मिळते, ती जमा. पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि जड असते. तिला वर उचलायचे आणि वरची हलकी हवा खाली दाबायची, तर उत्प्लावकतेविरुद्ध ऊर्जा वेचावी लागते, तो खर्च. दुपारी जमीन तापली की उत्प्लावकताच भोवऱ्यांना पोसते आणि खर्चाची बाजू जमेकडे येते.

खर्चाला जमेने भागले की मिळतो रिचर्डसन अंक. छेदात कर्तनाचा वर्ग असतो, हे लक्षात ठेवायचे. वर जाताना दर शंभर मीटरला विभव तापमान तीन अंशांनी वाढत असेल आणि दर दहा मीटरला वाऱ्याचा वेग सेकंदाला एक मीटरने, तर अंक सुमारे ०.१ येतो. तापमान तसेच ठेवून वेगातला फरक निम्मा केला, तर तो चौपट, ०.४ होतो. भोवरे मरण्याची सीमा रिचर्डसनने एक मानली होती. जी. आय. टेलर आणि गोल्डस्टीन यांच्या १९३१ सालच्या कामातून पाव हा आकडा पुढे आला. १९६१ मध्ये माइल्स व हॉवर्ड यांनी सिद्ध केले, की सर्वत्र अंक पावाहून जास्त असेल तर लहानसा धक्का वाढत नाही. त्याखाली गेला म्हणजे खळबळ उठेलच असे मात्र नाही. हा बारकावा समजायला मला दोन वर्षे लागली!

आता वहीच्या बाहेरची नोंद. अंक मोठा असलेल्या शांत रात्री धूर जमिनीलगत साचतो, तसाच विषारी वायूही साचतो. १९२० मध्येच हवामान खाते हवाई मंत्रालयाखाली गेले आणि रिचर्डसनने राजीनामा दिला. त्याच्या पत्नीने पुढे लिहिले, की त्याच्या वरच्या हवेच्या संशोधनात सर्वाधिक रस विषारी वायूच्या तज्ज्ञांना आहे हे कळल्यावर त्याने हवामानाचे काम थांबवले आणि अप्रकाशित कागद नष्ट केले. आयुष्यभर कागद जपणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाचवत नाही, पण त्याला दोषही देववत नाही.

पुढे त्याने युद्धांची मोजदाद आरंभली. त्या मोजदादीचे पुस्तक निघाले १९६० साली, त्याच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी.