खडूपासून कोळंबीच्या कवचापर्यंत : प्रतिजैविकांचे अवशेष शोधण्याचा इतिहास

अन्नातील प्रतिजैविकांबद्दलच्या सुरुवातीच्या तक्रारींत चीज बनवणारे पुढे होते. 1940 च्या दशकात गायींच्या कासदाहावर पेनिसिलिन वापरले जाऊ लागले आणि काही दुधाला विरजणच लागेना. विरजणातले जिवाणू औषधाने मरत होते. पुढे याच अडचणीची चाचणी झाली. 1970 च्या दशकात नेदरलँड्समध्ये आलेल्या डेल्वोटेस्टमध्ये जिवाणू वाढले की आम्ल तयार होऊन जांभळा रंग पिवळा होतो. रंग जांभळाच राहिला, तर दुधात औषध असल्याचा संशय घ्यायचा. चाचणी स्वस्त आहे, पण औषध नेमके कोणते हे ती सांगत नाही.

हा प्रश्न व्यापारात पेटला. 2001-02 मध्ये युरोपात आशियाई कोळंबीत क्लोरॅम्फेनिकॉल सापडले आणि माल अडला. 2003 मध्ये युरोपीय संघाने ठरवले, की तपासणीची पद्धत किलोमागे 0.3 मायक्रोग्रॅम ओळखू शकलीच पाहिजे. हिशेब करून पाहा: सुमारे 3,300 टन कोळंबीत 1 ग्रॅम औषध!

प्रथिने आणि चरबीच्या गर्दीतून एवढेसे औषध आधी बाजूला काढावे लागते. हे काम अधिशोषक करतो. तो रेणू पृष्ठभागावर धरतो आणि नंतर थोड्या द्रावकात सोडतो. 500 मिलिलिटर पाण्यातले औषध 1 मिलिलिटरमध्ये उतरवले तर तीव्रता 500 पट होते. 80 टक्केच सुटले तर 400 पट. श्रेय सगळे मास स्पेक्ट्रोमीटरला मिळते. माझ्या मते निम्मे तरी या भुकटीचे आहे.

(अपवादही आहे. 2007 मध्ये लार्सन आणि सहकाऱ्यांनी हैदराबादजवळच्या पाटनचेरू येथील सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरमागे 31 मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन मोजले. रुग्णाच्या रक्तात औषध घेतल्यावर असते त्याहून हे जास्त होते. तिथे गोळा करण्यासारखे काही उरलेच नव्हते.)

विसाव्या शतकाच्या आरंभी त्स्वेत यांनी पानांतली रंगद्रव्ये वेगळी केली ती खडूच्या भुकटीवर, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटवर. 1970 च्या दशकाच्या अखेरीस 18 कार्बनची साखळी जोडलेली सिलिका भरलेल्या, एकदा वापरून फेकायच्या नळ्या आल्या. सोय झाली, कचराही वाढला. शिवाय असिटोनायट्राइलसारखी द्रावके लागतात. हे द्रावक अॅक्रिलोनायट्राइलच्या कारखान्यातले उपउत्पादन आहे. 2008-09 च्या मंदीत प्लॅस्टिकची मागणी घसरली, तशा जगभरच्या प्रयोगशाळा त्यावाचून अडल्या.

अॅनास्टस आणि वॉर्नर यांनी 1998 मध्ये हरित रसायनशास्त्राची 12 तत्त्वे मांडली होतीच. आता संशोधक पुन्हा निसर्गाकडे वळले: शेतातल्या काडीकचऱ्याचा बायोचार, सेल्युलोज आणि कोळंबीच्या कवचातून मिळणारे कायटोसान. कायटोसानवरचे अमिनो आणि हायड्रॉक्सिल गट टेट्रासायक्लिनसारखे रेणू धरतात. त्यात मॅग्नेटाइटचे कण मिसळले, तर गाळण्याऐवजी लोहचुंबकानेच भुकटी गोळा करता येते.

पण ‘हरित’ हा शब्द दिसला की लगेच मान डोलावू नका. कायटोसान सौम्य आम्लात विरघळते, म्हणून त्याच्या साखळ्या बांधाव्या लागतात, आणि त्यासाठी अनेकदा वापरतात ते ग्लुटारल्डिहाइड स्वतःच विषारी आहे. शोधनिबंध वाचताना किती औषध धरले याबरोबर किती परत सुटले आणि भुकटी किती वेळा वापरता आली, हेही पाहा. आणि कवच औषध घातलेल्या तळ्यातल्या कोळंबीचे असू शकते, म्हणून नमुना तपासण्याआधी शुद्ध पाण्यावर कोरी चाचणी घ्या.