वाणसौद्याचा रुपया जातो कोठे?

भोपाळच्या जुन्या शहरातील जुमेराती आणि हनुमानगंज या पेठा किराणा-भुसाराच्या घाऊक व्यापारासाठी प्रसिद्ध आहेत. तेथून भरलेली पिशवी घरी येते, तेव्हा तीत सीहोरचा शरबती गहू असतो, माळव्याचा हरभरा असतो, साखर, चहा, मीठ आणि तेलाचा डबा असतो. दुकानदार गावचा, हमाल गावचा. तेव्हा या सौद्यावर खर्चलेला पैसा देशातच राहिला, असे गृहिणीस वाटावे, हे स्वाभाविक आहे. परंतु पैसा दुकानाच्या गल्ल्यात विसावत नाही. तेथून तो पुढच्या प्रवासास निघतो. तो कोठवर जातो, हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे तसा इतिहासाचाही आहे.

मराठी विचारवंतांना हा प्रश्न नवा नव्हे. लोकहितवादींनी १८४८ पासून ‘प्रभाकर’ पत्रात लिहिलेल्या शतपत्रांत देशी माल, तो जाडाभरडा असला तरी, वापरण्याचा उपदेश केला. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७२-७३ च्या सुमारास पुण्यात व्यापारावर व्याख्याने दिली, आणि दादाभाई नौरोजींनी देशाबाहेर वाहत जाणाऱ्या संपत्तीचा हिशेब मांडला. मात्र या साऱ्या चर्चेत मुख्य लक्ष कापडावर राहिले. वाणसौदा घरचाच, अशी समजूत होती. ती समजूत प्रथम साखरेने खोटी ठरविली.

इटारसीहून निघालेला लोहमार्ग १८८४ साली भोपाळास पोहोचला आणि १८९६ साली भोपाळ-उज्जैन मार्ग खुला झाला. रेल्वेने माळव्याचे धान्य बंदरांकडे नेणे सोपे केले, तसेच बंदरांत उतरलेला परदेशी माल आतल्या पेठांत आणणेही सोपे केले. मॉरिशसची साखर, जर्मनी-ऑस्ट्रियाची बीटापासून केलेली साखर आणि पुढे जावाची साखर हिंदुस्थानात येऊ लागली. युरोपातील सरकारे आपल्या बीट-साखरेस निर्यातीसाठी अनुदान देत; त्यामुळे ती येथील साखरेपेक्षा स्वस्त पडे. अखेर १८९९ साली इंग्रज सरकारलाच या अनुदानाची भरपाई करणारी जकात बसवावी लागली. १९०५ नंतरच्या स्वदेशीच्या चळवळीत परदेशी कापडाबरोबर परदेशी साखरेवरही बहिष्कार पुकारला गेला. तरीही जावाच्या साखरेचा ओघ थांबला नाही.

जे काम बहिष्काराने झाले नाही, ते १९३२ च्या साखर-उद्योग संरक्षण कायद्याने केले. आयात साखरेवर भारी जकात बसताच तीसच्या आसपास असलेले कारखाने पाचसहा वर्षांत सव्वाशेच्या वर गेले, आणि देश साखरेच्या बाबतीत जवळजवळ स्वयंपूर्ण झाला. भोपाळ संस्थानातही सीहोर येथे साखर कारखाना उभा राहिला. तो पुढे बंद पडला, तरी जावाला जाणारा रुपया देशातच थांबू लागला होता.

परंतु येथेच दुसरा प्रश्न उपस्थित झाला. देशात राहिलेला रुपया कोणाच्या हाती राहिला? जकातीचा लाभ कारखानदारास मिळाला, तरी ऊस पिकविणाऱ्यास तो आपोआप मिळाला नाही. म्हणूनच उसाचा किमान भाव ठरविता यावा यासाठी १९३४ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. या प्रश्नाचे अधिक समाधानकारक उत्तर अहमदनगर जिल्ह्यातील प्रवरेच्या काठी मिळाले. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने तेथील शेतकऱ्यांनी स्वतःच्या मालकीचा सहकारी कारखाना उभारला आणि १९५०-५१ च्या हंगामात त्याचे गाळप सुरू झाले.

साखरेचा हा धडा तेलाच्या बाबतीत मात्र अपुरा राहिला. गावोगावी तेल्याचा घाणा होता, तोवर तीळ, करडई, जवस, भुईमूग गावातच गाळला जाई. तेल माणसांना आणि पेंड गुरांना मिळे. लोकसंख्या वाढली, तेलाचा वापर वाढला आणि परदेशी तेलाची गरज भासू लागली. त्याच सुमारास माळव्यात एक नवे पीक आले. १९६० नंतरच्या दशकात जबलपूरच्या कृषी विद्यापीठाने अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने सोयाबीनवर प्रयोग केले. माळव्याची काळी जमीन पावसाळ्यात पुष्कळ ठिकाणी पडीक ठेवीत. तेथे हे पीक उत्तम साधले. १९७० च्या सुमारास साऱ्या देशात जेमतेम तीस हजार हेक्टरांवर असलेले सोयाबीन आज सव्वाशे लाख हेक्टरांच्या आसपास पोहोचले आहे, आणि त्यात मध्य प्रदेश व महाराष्ट्र हे अग्रेसर आहेत. भोपाळात तेलबिया उत्पादकांचा राज्य सहकारी संघ स्थापन झाला. १९८६ साली केंद्र सरकारने तेलबियांची खास मोहीम हाती घेतली. १९९२-९३ पर्यंत आयात नाममात्र उरली आणि देशाला लागणारे बहुतेक सर्व खाद्यतेल देशातच निघू लागले.

हे यश टिकले नाही. १९९४ पासून तेलाची आयात टप्प्याटप्प्याने खुली झाली. ६५ टक्के असलेली जकात १९९८ पर्यंत १५ टक्क्यांवर आली. इंडोनेशिया-मलेशियाचे पामतेल, अर्जेंटिनाचे सोयातेल आणि युक्रेनचे सूर्यफुलाचे तेल बंदरांत उतरू लागले. २०२२-२३ च्या तेलवर्षात सुमारे १६५ लाख टन खाद्यतेल आयात झाले आणि त्यापोटी सव्वा लाख कोटी रुपयांहून अधिक रक्कम परदेशी गेली. देशाच्या गरजेच्या निम्म्याहून अधिक तेल आज बाहेरून येते. २०२२ च्या एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात सुमारे साडेतीन आठवडे बंद ठेवली, तेव्हा या परावलंबनाची जाणीव साऱ्यांस झाली.

सोयाबीनच्या मुलखात ही पाळी का यावी? एक क्विंटल सोयाबीन गाळले, तर सुमारे अठरा किलो तेल निघते; उरते ती मुख्यतः पेंड. म्हणजे हे पीक तेलापेक्षा पेंडीचे अधिक आहे. पेंडीचा भाव परदेशी बाजारावर आणि तेलाचा भाव आयात तेलावर अवलंबून. दोन्ही उतरले, की मंडीतला शेतकरी भरडला जातो. २०२४ साली सोयाबीनचा आधारभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना मंड्यांतील दर त्याच्या बरेच खाली गेले. मध्य प्रदेशातील शेतकरी रस्त्यावर आले. सप्टेंबरमध्ये सरकारने तेलावरील जकात वाढविली. पण तेल महागताच ग्राहकाची तक्रार सुरू झाली, आणि मे २०२५ अखेर कच्च्या तेलावरील जकात पुन्हा कमी करण्यात आली. एकाच डब्याच्या दोन टोकांना गृहिणी आणि शेतकरी उभे आहेत.

तेव्हा वाणसौद्याचा हिशेब सरळ नाही. आयात तेलाच्या डब्यातूनही जकात, शुद्धीकरण, वाहतूक आणि दुकानदाराचा नफा देशात राहतो. उलट, सीहोरच्या गव्हातही परदेशातून आलेल्या पालाशयुक्त खताचा आणि परदेशी खनिज तेलापासून केलेल्या डिझेलचा वाटा असतो. संपूर्ण स्वदेशी आणि संपूर्ण परदेशी अशी विभागणी पिशवीत सापडत नाही. मात्र इतिहास दोन गोष्टी स्पष्ट दाखवितो. पहिली, ग्राहकाच्या सद्भावनेने रुपया थोडा काळ थांबतो. तो कायम थांबवावयाचा, तर जकात आणि भाव यांचे धोरण वर्षानुवर्षे स्थिर असावे लागते. १९३२ नंतर साखरेला अशी स्थिरता लाभली. १९९४ नंतर तेलाला ती लाभली नाही. दुसरी, रुपया देशाच्या सीमेत राहिला एवढ्याने भागत नाही. पिकविणाऱ्याला त्याचा वाटा मिळाला नाही, तर पुढच्या हंगामात तो ते पीक सोडतो, आणि मग रुपया पुन्हा समुद्रापार जाऊ लागतो.