बैलाआडचा कॅमेरा

काळवीट माणसाला बुजते, बैलाला बुजत नाही. वन्यप्राण्यांच्या छायाचित्रणातले निम्मे कसब या एका निरीक्षणावर उभे आहे. हे निरीक्षण मात्र कॅमेरेवाल्यांचे नव्हे, त्यांच्या कितीतरी आधी माळ तुडवणाऱ्या पारध्यांचे.

असाच एक माळमुलूख सोलापूर जिल्ह्यातला. पुण्याहून सोलापूरला जाताना टेंभुर्णी मागे पडली की मोडनिंब येते. माढा तालुक्यातले हे बाजाराचे गाव, कुर्डुवाडी-पंढरपूर रेल्वेमार्गावरचे स्टेशन. आज महामार्गाच्या दोन्ही अंगांना ऊस आणि फळबागा दिसतात. उजनी धरणाचे पाणी फिरण्याआधी हा सगळा मुलूख म्हणजे रब्बी ज्वारीचे काळे रान आणि त्यात मधूनमधून मुरमाड माळ, असाच होता. गुडघ्याएवढे कुसळी गवत, तरवड, एखादी बाभळ, एखादा हिवर. 1979 मध्ये माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य जाहीर झाले तेव्हा उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा आणि करमाळा या तालुक्यांतला प्रदेश, शिवाय नगर जिल्ह्यातला काही भाग त्यात धरला होता. एकूण 8,496 चौरस किलोमीटर. शेते, गावे, रस्ते, बाजार, सगळे कागदावर अभयारण्यात. लोक वैतागले यात नवल नाही, आणि पुढे ते क्षेत्र 1,222 चौरस किलोमीटरवर आणावे लागले. पण त्या अवाढव्य आकड्यातून एक गोष्ट कळते: इथले वन्यजीवन जंगलात राहत नव्हते, उघड्यावर राहत होते.

उघड्यावरच्या जनावराजवळ जायचे कसे, हा माळाचा खरा प्रश्न. ताडोबात झाडावर मचाण बांधता येते. इथे झाडच नाही. काळवीट, चिंकारा, खोकड, लांडगा, माळढोक यांच्या नजरेला क्षितिजापर्यंत आडकाठी नसते. तुम्हाला ते दिसण्याआधी त्यांनी तुम्हाला पाहिलेले असते. लपायला जागा नसेल तर एकच वाट उरते: माणूस दिसायचे नाही, दुसरे काहीतरी दिसायचे.

ती वाट पारध्यांनी काढली. रसेल आणि हिरालाल यांनी 1916 मध्ये मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात पारध्यांचे पोटभेद शिकारीच्या रीतीवरून सांगितले आहेत. फास लावणारे ते फासेपारधी, चित्ता पाळून शिकार करणारे ते चित्तेपारधी, आणि बैलाच्या आडून सावजाजवळ जाणारे ते गायके. एकेका कसबावरून एकेका शाखेला नाव पडावे, एवढे त्या कसबाचे महत्त्व होते.

बैलाआडून जाणे ऐकायला सोपे आहे. करून पाहिले तर शंभर पावलांत घाम फुटतो. बैल आधी शिकवलेला हवा. दोरीचा हलका इशारा कळून त्याने चरायचे, थांबायचे, पुन्हा दोन पावले टाकायची. माणसाने त्याच्या पलीकडच्या अंगाला, खांद्याच्या मागे वाकून चालायचे. डोके वशिंडाच्या वर जाता कामा नये. बैलाचे पाय चार, माणसाचे दोन; हे दोन पाय बैलाच्या पायांच्या मागे राहिले नाहीत तर पोटाखालून दिसतात, आणि काळवीट पाय ओळखते. वारा समोरून हवा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कळपाच्या रोखाने सरळ कधी जायचे नाही. सरळ येणारे जनावर शिकारी असते, तिरके चालणारे चरत असते, असा माळावरच्या प्राण्यांचा हिशेब. म्हणून कळपाला वळसा घालत, जणू आपला त्याच्याशी संबंध नाही अशा थाटात, अंतर हळूहळू कमी करत जायचे. मान वर झाली की थांबायचे; बैलाने गवत खायचे, माणसाने श्वास आवरायचा.

हेच तत्त्व राजेरजवाड्यांनी थाटामाटात वापरले. कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळून काळविटांची शिकार होत असे. देशी चित्ते मिळेनासे झाल्यावर आफ्रिकेतून आणवले जात. डोळ्यांवर टोपी घातलेला चित्ता गाडीत बसवून कळपाजवळ नेत. गाडी रोज शेतात दिसणारी, तिला काळवीट बुजत नसे. पुरेसे जवळ गेल्यावर टोपी निघायची. चित्ता फार लांब धावू शकत नाही, त्यामुळे सगळा खेळ गाडी किती जवळ जाते यावर. चित्त्याच्या वेगाचे कौतुक सगळेच करतात. माझ्या मते कौतुक गाडी हाकणाऱ्याचे व्हायला हवे.

आता कॅमेऱ्याकडे. इंग्लंडच्या यॉर्कशायरमध्ये रिचर्ड आणि चेरी कीर्टन नावाचे दोघे भाऊ होते, शेतकऱ्याची मुले. 1892 मध्ये त्यांनी घरट्यातल्या अंड्यांचे छायाचित्र घेतले आणि 1895 मध्ये ब्रिटिश पक्ष्यांच्या घरट्यांवरचे, केवळ छायाचित्रांनी सजवलेले पुस्तक काढले. तेव्हाचा कॅमेरा म्हणजे तिकाटण्यावरची पेटी आणि काचेच्या प्लेटा. आजच्यासारखी लांबून ओढून घेणारी भिंगे नव्हती. पक्ष्याच्या अगदी जवळ जाण्याखेरीज इलाज नव्हता. तेव्हा या भावांनी 1900 च्या सुमारास चक्क एक पोकळ बैल तयार करवून घेतला. खऱ्या बैलाचे कातडे, आत सांगाडा, सांगाड्यात माणूस आणि कॅमेरा. एकदा रिचर्ड आत असताना तो बैल कलंडला, चारही पाय आभाळाकडे. चेरीने भावाला बाहेर काढण्याआधी त्याचा फोटो काढला, अशी हकीकत सांगतात. छायाचित्रकाराचा स्वभाव तेव्हापासून बदललेला दिसत नाही.

कीर्टन बंधूंना गायके पारधी ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते. त्यांच्याकडेही पाखरांचे शिकारी घोड्याच्या आडून जात, ती त्यांची परंपरा. दोन खंडांतल्या शिकाऱ्यांनी जनावराची नजर सारखीच वाचली, एवढाच याचा अर्थ. फरक इतकाच की कीर्टनांचा बैल पुस्तकात गेला आणि छायाचित्रणाच्या इतिहासात सुरुवातीच्या आडोशांतला एक म्हणून मिरवला. पारध्यांचा बैल जातींच्या नोंदवहीत राहिला.

शिकाऱ्याचे कसब कॅमेऱ्यात उतरल्याचे उघड उदाहरण अमेरिकेत आहे. जॉर्ज शिरास हे पेनसिल्व्हेनियातले वकील आणि काही काळ खासदार. ओजिब्वे आदिवासी नावेच्या नाळेवर जाळ पेटवून रात्री हरणे मारत; जाळाकडे टक लावून हरीण खिळते आणि जाळामागचा माणूस त्याला दिसत नाही. शिरासने ती रीत उचलली आणि बंदुकीच्या जागी मॅग्नेशियमच्या पुडीचा लख्ख उजेड व कॅमेरा आणला. 1906 च्या जुलैमध्ये नॅशनल जिओग्राफिकने त्याची 74 छायाचित्रे छापली. शिरासनेच दोरीला कॅमेरा जोडला: हरणाने दोरी ओढली की उजेड पडायचा आणि हरीण स्वतःचाच फोटो काढून घ्यायचे. भारतात वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी ही युक्ती वाघावर चालवली आणि 1927 मध्ये त्यांचे वाघांच्या छायाचित्रांचे पुस्तक आले. आज व्याघ्रगणनेत झाडाला बांधलेले कॅमेरा ट्रॅप असतात, ते याच घराण्यातले. पायवाट ओळखायची, जनावर कुठे पाय टाकेल ते हेरायचे, तिथे सापळा लावून आपण निघून जायचे: फासेपारधी दुसरे काय करत होता? बैलाआडून जाणे ही आजच्या आडोशाची आजी, तर फास हा कॅमेरा ट्रॅपचा आजा.

पण ज्यांच्याकडे हे ज्ञान होते त्यांचे काय झाले, ते सोलापूरकराने तरी विसरू नये. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसू लागला. सोलापुरात अशा जमातींसाठी मोठी सेटलमेंट उभी राहिली. आत डांबलेल्यांनी गिरण्यांत राबायचे आणि हजेरी द्यायची. शहरातला तो भाग आजही सेटलमेंट याच नावाने ओळखला जातो. 1952 मध्ये कायदा गेला, शिक्का मनातून गेला नाही. मग 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. काळवीट, माळढोक यांना संरक्षण मिळाले आणि ते मिळायलाच हवे होते. मात्र माळावरचे प्रत्येक जनावर ओळखणारा माणूस त्या संरक्षणाच्या व्यवस्थेत कुठेच बसवला गेला नाही. तो आरोपीच्या यादीत राहिला.

सत्तरच्या दशकात अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर काही तुकडे राखले गेले, गवत वाढले आणि माळढोक तिथे वीण करू लागले. 1981 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने माळढोकाचा दीर्घ अभ्यास हाती घेतला. असद रहमानी आणि त्यांचे सहकारी तासन्‌तास आडोशात बसून नोंदी करत. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर, बहुधा एकच अंडे घालते. आडोसा चुकीच्या जागी लावला आणि ती उठली, तर उन्हाने किंवा कावळ्याने तो हंगाम संपतो. घरट्याजवळ कॅमेरा लावू नये हा नियम म्हणूनच अक्षरशः पाळावा. कीर्टनांची सुरुवात घरट्यांपासून झाली होती; आज तेच काम जबाबदार माणूस करणार नाही. कसबाच्या कुळात एखादी रीत टाकूनही द्यावी लागते.

माळढोक आता महाराष्ट्रात दिसला तर बातमी होते. काळवीट मात्र आहे, आणि मोडनिंब-मोहोळकडच्या रानांत आजचा बैल म्हणजे चारचाकी गाडी. रोज जाणारी-येणारी वाहने बघून कळप सरावलेले असतात. नियम पारध्याचेच: गाडी कळपाच्या रोखाने घालायची नाही, बांधाच्या वाटेने तिरकी न्यायची, दूरवरच इंजिन बंद करायचे. खिडकीच्या कडेवर वाळूने किंवा तांदळाने भरलेली पिशवी ठेवून तिच्यावर भिंग टेकायचे; हात कापत नाहीत आणि तिकाटण्याची खटपट वाचते. सूर्य पाठीशी, वारा समोरून. ऊन चढल्यावर जमिनीवरून उठणाऱ्या तापलेल्या हवेने लांबचे चित्र थरथरते, मग कितीही महागडे भिंग असो, केस न्‌ केस उमटत नाही. पहिले दोन तास आपले. आणि दार उघडून खाली पाय ठेवला की गाडी गाडी राहत नाही, माणूस होते. उड्या मारत गेलेला कळप त्या दिवशी पुन्हा जवळ येऊ देत नाही.

हे सगळे आता कार्यशाळांत शिकवले जाते, फी घेऊन, इंग्रजी नावांनी. त्याला हरकत नाही. पण शिकवणारा क्वचितच पारधी असतो याला आहे. वाशीम-अकोल्याकडे संवेदना ही संस्था फासेपारध्यांसोबत तणमोर पक्षी राखण्याचे काम करते. मध्य प्रदेशात पन्नाच्या रानात पारधी तरुण पर्यटकांना पायी फिरवून माग वाचायला शिकवतात आणि त्याचे पैसे घेतात. जे तिथे जमले ते माढा-मोहोळच्या माळावर जमू नये असे काही नाही. या भागात फोटो काढायला येणाऱ्यांनी निदान एवढे करावे: वाटाड्या म्हणून पारधी वस्तीवरचा जाणता माणूस सोबत घ्यावा, त्याला हॉटेलच्या खोलीइतका तरी दर द्यावा, आणि फोटोखाली आपल्या नावाबरोबर त्याचेही नाव, त्याला विचारून, लिहावे.