रेडिओचा उतरणारा सूर

तंबोरा कितीही चांगला जुळवला तरी मैफल रंगात येईपर्यंत तो थोडासा उतरतोच. मंचावरचे दिवे, एअर कंडिशनरची कोरडी हवा, तारांचा ताण यांचा परिणाम व्हायचाच. मग दोन चिजांच्या मध्ये खुंटी पिळून, मणी सरकवून तो पुन्हा सुरात आणावा लागतो. आपल्या मंडळाच्या कार्यक्रमांत हे दृश्य आपण सर्वांनीच पाहिले आहे.

हॅम रेडिओच्या, म्हणजे सरकारी परवाना घेऊन हौसेखातर चालवायच्या बिनतारी संदेशवहनाच्या, जुन्या यंत्रांतही असाच एक तंबोरा असतो. त्याचे नाव व्हीएफओ. डायल फिरवून हवी ती फ्रिक्वेन्सी निवडू देणारा हा ऑसिलेटर. तो उतरू नये म्हणून अमेरिकेत कित्येक दशके जी खटपट झाली, तिची ही हकिकत.

व्हीएफओचा जीव एक तारेची कॉइल आणि एक कंडेन्सर यांत असतो. यंत्र तापले की तार प्रसरण पावते, कॉइलचा गुण किंचित वाढतो आणि फ्रिक्वेन्सी खाली घसरते. हे 'किंचित' किती? ५ मेगाहर्ट्झच्या ऑसिलेटरमध्ये कॉइलचे इंडक्टन्स दहा हजारांत फक्त एक भाग बदलले, तरी फ्रिक्वेन्सी २५० हर्ट्झने सरकते! सुरुवातीचे बरेच हॅम म्हणूनच क्वार्ट्झचा स्फटिक वापरत. तो जागचा हलत नसे, पण एका स्फटिकावर एकच फ्रिक्वेन्सी मिळे. व्हीएफओने मोकळीक दिली आणि सोबत घसरण आणली. त्यातून ३.५ मेगाहर्ट्झची लहर चौपट करून १४ मेगाहर्ट्झवर नेली, की घसरणही चौपट होई. मोर्सच्या कट्ट-कड्डमध्ये हे चालून जाई. १९५० च्या दशकात सिंगल साइडबँडवर बोलणे रुळले, तेव्हा मात्र शे-दोनशे हर्ट्झच्या फरकानेही माणसाचा आवाज बदकासारखा ऐकू येऊ लागला.

या दुखण्यावर पहिला भारी इलाज आयोवातल्या सीडर रॅपिड्सचा. तिथल्या आर्थर कॉलिन्स नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलाने १९२५ साली घरच्या रेडिओवरून ग्रीनलंडकडे गेलेल्या मॅकमिलन मोहिमेशी संपर्क ठेवला होता. १९३३ मध्ये त्याने कॉलिन्स रेडिओ कंपनी काढली. तिच्या व्हीएफओत फिरत्या पात्यांचा कंडेन्सर नव्हता. अचूक आट्यांच्या स्क्रूवर लोहचूर्णाचा गाभा कॉइलच्या आत-बाहेर सरके आणि हे सारे एका बंद डब्यात असे. डायलवरच्या खुणा समान अंतरावर पडत. १९५९ च्या केडब्ल्यूएम-२ मध्ये एकेका किलोहर्ट्झची खूण वाचता येई. काम देखणे, पण किंमत सामान्य हॅमच्या आवाक्याबाहेरची.

सामान्यांसाठी मिशिगनमधल्या बेंटन हार्बरची हीथकिट धावून आली. सुटे भाग आणि एक पुस्तिका घरी पाठवायची, जोडणी गिऱ्हाइकाने करायची, असा तिचा धंदा. तिच्या महागड्या एसबी मालिकेत ऑसिलेटर कारखान्यातून जुळवूनच येई. १९७० साली आलेल्या स्वस्त एचडब्ल्यू-१०१ मध्ये मात्र तोही स्वयंपाकघरातल्या टेबलावर जोडायचा होता. यंत्रातला सर्वांत नाजूक भाग कंपनीने निर्धास्तपणे शिक्षक, शेतकरी आणि शाळकरी पोरांच्या हाती सोपवला!

माझ्याकडे असा एक एचडब्ल्यू-१०१ आहे. तो लावण्याची रीत सांगतो. आधी एक इशारा: आत सातशे-आठशे व्होल्ट असतात आणि वायर काढल्यावरही कंडेन्सर काही काळ भरलेले राहतात. माहितगार सोबत असल्याशिवाय झाकण उघडू नये.

पहिले काम साफसफाईचे. सैल स्क्रू, जुने सोल्डर, पात्यांना चिकटून राहणारी मळकी स्प्रिंग यांमुळे फ्रिक्वेन्सी टुणकन उडी मारते. उडी हा झटक्याचा दोष, घसरण हा उष्णतेचा. दोन्हींची गल्लत करू नये. नंतर यंत्र चांगले तापू द्यायचे. दुसऱ्या रिसीव्हरवर कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सचे डब्ल्यूडब्ल्यूव्ही हे प्रमाणवेळेचे केंद्र १० मेगाहर्ट्झवर लावायचे आणि यंत्रातला १०० किलोहर्ट्झचा स्फटिक त्याच्याशी जुळवायचा. दोन सुरांमधली थरथर मंदावत थांबली, की षड्ज मिळाला. मग त्या स्फटिकाच्या खुणांवर डायल तपासायची. कंडेन्सरची पाती पूर्ण मिटलेली असताना कॉइलचा गाभा फिरवायचा, पाती उघडी असताना छोटा ट्रिमर. एक टोक सुधारले की दुसरे थोडे बिघडते. पाच-सहा फेऱ्यांनंतर दोन्ही नांदू लागतात.

उष्णतेवरचा उपाय मला सर्वांत सुंदर वाटतो. काही कंडेन्सर तापल्यावर कमी भरतात. 'एन-७५०' हा प्रकार दर अंश सेल्सिअसला दहा लाखांत ७५० भागांनी उतरतो. कॉइल फ्रिक्वेन्सीला खाली ओढते, तेव्हा हा तिला वर ढकलतो. झाकण बंद ठेवून, दर पाच मिनिटांनी नोंद करून, योग्य मापाचा तुकडा निवडायचा. उष्णता टाळता येत नाही, पण तिच्याविरुद्ध तिलाच कामाला लावता येते!

१९७३ मध्ये क्लास स्पारगारेन या डच हॅमने आणखी एक युक्ती मांडली. एक छोटे डिजिटल सर्किट फ्रिक्वेन्सी पुन्हा पुन्हा मोजते आणि घसरू लागलेल्या व्हीएफओला हलकेच मागे ढकलते. पुढे सिंथेसायझर आले आणि प्रश्नच मिटला. हीथकिटने १९९२ मध्ये किट विकणे थांबवले. हैदराबादच्या अशहर फरहान यांच्या 'बिटएक्स' या स्वस्त यंत्रातही सुरुवातीला कॉइल-कंडेन्सरचाच व्हीएफओ होता. २०१७ च्या 'मायक्रो-बिटएक्स' मध्ये ते काम एक चिप करते. तो भारतातून मागवून इथले अमेरिकन हॅम वापरतात, हे ऐकून बरे वाटते.

मग जुने यंत्र जुळवत का बसायचे? १९९३ साली किल्लारीला आणि २००१ साली भूजला भूकंप झाला, तेव्हा हौशी रेडिओवाल्यांनी संदेश पोहोचवायला मदत केली. अशा वेळी ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर अनेक जण कान लावून बसतात. जो घसरला, त्याचे बोलणे हरवले. आज ही काळजी चिप घेते, पण तिच्या आत काय चालले आहे ते दिसत नाही आणि ती बिघडली तर बदलायची एवढेच हाती उरते. व्हीएफओचा दोष डोळ्यांना दिसतो, कानांना ऐकू येतो आणि स्क्रूड्रायव्हरने दूर करता येतो.

आपल्या गावात एखाद्या वृद्ध शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये असे धुळकट यंत्र दिसले, तर मुलांना घेऊन जरूर जा. ते आजोबा सांगायला उत्सुकच असतात. विद्या अशीच एका हातातून दुसऱ्या हातात जाते, आणि ती घेणारा हात मराठी असायला काय हरकत आहे?